मधला रंग सांगावा लागतो

१. निळा आणि पिवळा दिला, हिरवा कुठे गेला?

गणपतीच्या मखरामागचा पडदा संगणकावर तयार करून छापून घेणारे अनेकजण एक प्रश्न हमखास विचारतात. वर निळा दिला, खाली पिवळा दिला आणि मधले रंग संगणकाने भरावेत असं सांगितलं. मध्ये हिरवा यायला हवा होता. तिथे हा धुरकट राखाडी पट्टा कुठून आला? फाइल बिघडली, की छापणाऱ्याने काही चूक केली?

फाइल ठीक आहे आणि छपाईही ठीक आहे. संगणकाने सांगितलं तेवढंच केलं. आपण मनात धरलेला हिरवा मात्र त्याला कोणी सांगितला नव्हता.

रायगड जिल्ह्यातल्या पेणमध्ये हा प्रश्न विचारला, तर तिथला कारागीर चकित होईल. पेण आणि जवळची हमरापूर, जोहे ही गावं वर्षाचा बराच काळ गणेशमूर्तींच्या कामात असतात. तिथल्या कारखान्यात निळ्या रंगात पिवळा कालवला की हिरवा होतो, आणि त्यात शंका घेण्याचं काही कारणच नसतं. मोरपंखी शेला रंगवायचा तर एका टोकाला निळा, दुसऱ्या टोकाला सोनेरी, आणि मधली हिरवी छटा त्या दोघांच्या मिसळण्यातूनच निम्मी तयार होते.

पडद्यावर तसं का होत नाही, हे कळायला रंगद्रव्य म्हणजे काय ते आधी पाहावं लागेल, आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही. पेणहून रेल्वेने दक्षिणेकडे निघालं की रोहा येतं. रोह्याजवळ धाटावला औद्योगिक वसाहत आहे. १९५१ साली पुण्यात सुरू झालेल्या सुदर्शन केमिकल्सचा रंगद्रव्यांचा कारखाना तिथे आहे. शाई, प्लॅस्टिक, भिंतीचे रंग यांत मिसळायच्या पुडी अशा कारखान्यांत बनतात. त्यांतलं एक महत्त्वाचं कुटुंब फ्थॅलो निळ्या-हिरव्यांचं. त्याचा शोध अपघाताने लागला. स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथ इथे १९२८ साली एक वेगळंच रसायन तयार होत असताना भांड्याचं काचेसारखं अस्तर तडकलं, आतला माल लोखंडाला लागला आणि निळसर गाळ दिसू लागला. कामगारांनी आणि रसायनतज्ज्ञांनी तो गाळ फेकून न देता तपासला, म्हणून आज जगभर तो निळा आहे.

रंगद्रव्य स्वतः प्रकाश देत नाही. पांढऱ्या प्रकाशातला काही भाग ते गिळतं आणि उरलेला परत पाठवतं. निळी पूड मुख्यतः लाल प्रकाश गिळते, पिवळी पूड निळा प्रकाश गिळते. दोन्ही एकत्र कालवल्या की लालही गेला आणि निळाही गेला. दोघींनीही जो फारसा गिळलेला नाही, तो हिरवा डोळ्यांपर्यंत पोचतो. वाटीतला हिरवा हा असा वजाबाकीतून आलेला असतो.

संगणकाचा पडदा उलट वागतो. त्याच्या प्रत्येक बारीक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे असतात. प्रत्येक दिवा किती पेटवायचा हे ० ते २५५ या आकड्यांनी ठरतं. शुद्ध निळा म्हणजे (०, ०, २५५). पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा दोन्ही पूर्ण पेटलेले, (२५५, २५५, ०). आता दोघांच्या बरोबर मधला रंग काढा. लालची सरासरी साधारण १२८, हिरव्याची १२८, निळ्याचीही १२८. तिन्ही दिवे सारखेच पेटले की मिळतो राखाडी. पडद्यावरचा तो धुरकट पट्टा या सरासरीचा आहे.

एवढं लक्षात आलं की या प्रकरणाचा गाभा हाती आला. संगणक दोन रंगांमधून सरळ रेषेत जातो. वाट वळवायची असेल, तर वळणावरचा रंग आपण द्यायचा. दोनापेक्षा जास्त रंगांचं संक्रमण मुख्यतः याचसाठी शिकायचं.

२. चित्र लिहून काढणारं सॉफ्टवेअर

हे काम माउसने रंग ओढूनही होतं. मी इथे इमेजमॅजिक नावाचं मोफत सॉफ्टवेअर घेतो आहे, कारण त्यात चित्र शब्दांत सांगता येतं. टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या चौकटीत एक ओळ टंकायची, एंटर दाबायचं, आणि चित्राची फाइल तयार. ती ओळ जपून ठेवली की पाच वर्षांनीही तेच चित्र, त्याच रंगांत पुन्हा मिळतं. माउसने ओढलेल्या रंगाबद्दल अशी खात्री देता येत नाही.

इमेजमॅजिकचा जन्म रंगांच्या अडचणीतूनच झाला. जॉन क्रिस्टी हे ड्यूपॉन्ट या अमेरिकी रसायन कंपनीत काम करत होते. तिथे १ कोटी ६० लाखांहून अधिक छटा असलेली चित्रं फक्त २५६ रंग दाखवू शकणाऱ्या पडद्यांवर दाखवायची होती. त्यासाठी १९८७ साली त्यांनी हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. १९९० मध्ये कंपनीच्या संमतीने तो सगळ्यांसाठी खुला झाला. स्वतः रंगद्रव्यं बनवणाऱ्या एका कंपनीतून हे साधन बाहेर आलं, याचं मला अप्रूप वाटतं.

वाचताना एक लक्षात ठेवा. या पुस्तकात आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत, म्हणजे त्या मोठ्याने वाचता येतील. संगणकावर टंकताना तेच शब्द आणि आकडे इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टंकायचे. ‘मॅजिक’च्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘सी’नंतर ‘के’ येतो, तो विसरला तर काहीच चालणार नाही. जुन्या लेखांत ‘मॅजिक’ऐवजी ‘कन्व्हर्ट’ हा शब्द दिसेल. विंडोजवर तो टाळाच. तिथे याच नावाची, डिस्कची रचना बदलणारी वेगळी आज्ञा आधीपासून आहे.

३. पहिली ओळ

मॅजिक -साइज ६००एक्स४०० ग्रेडियंट:ब्लू-यलो पडदा.पीएनजी

डावीकडून वाचू. ‘मॅजिक’ म्हणजे सॉफ्टवेअरला हाक. ‘साइज’ म्हणजे कागद केवढा: ६०० ठिपके रुंद, ४०० ठिपके उंच. ‘ग्रेडियंट’ म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारा पट्टा, आणि त्यानंतर दोन रंग. शेवटी फाइलचं नाव. क्रम महत्त्वाचा आहे. कागदाचा आकार रंगांच्या आधीच सांगावा लागतो. ग्रेडियंट हा शब्द येताक्षणी चित्र तयार होतं, नंतर आकार सांगून उपयोग नसतो.

पट्टा वरून खाली जातो. डावीकडून उजवीकडे हवा असेल तर ग्रेडियंटच्या आधी ‘-डिफाइन ग्रेडियंट:डायरेक्शन=ईस्ट’ लिहायचं. नकाशात पूर्व उजवीकडे असते, तोच संकेत इथेही. ‘ग्रेडियंट’ऐवजी ‘रेडियल-ग्रेडियंट’ लिहिलं तर पहिला रंग मध्यभागी येतो आणि दुसरा त्याच्याभोवती पसरत जातो. मूर्तीच्या मस्तकामागे तेजोवलय हवं असेल तर हेच वापरतात.

रंगांची नावं चालतात, पण त्यांवर फार विसंबू नये. या सॉफ्टवेअरमध्ये ‘ग्रीन’ म्हणजे पूर्ण पेटलेला हिरवा नव्हे. तो (०, १२८, ०) असा गडद हिरवा असतो, आणि पूर्ण हिरव्याला ‘लाइम’ म्हणतात. म्हणून आकडे द्यावेत: आरजीबी(०,१२८,०). त्यात कंस असल्यामुळे तो अवतरणचिन्हांत ठेवावा लागतो. लिनक्स आणि मॅकवर एकेरी अवतरणचिन्ह, विंडोजवर दुहेरी.

४. चार रंग आणि एक चिमुकलं चित्र

‘ग्रेडियंट’ला फक्त दोन रंग कळतात. तिसरा दिला की तो अडतो. मग मोरपंखी पट्टा कसा करायचा?

पहिला उपाय कोणालाही सुचेल असा आहे. निळ्यातून हिरव्यात जाणारा एक पट्टा करायचा, हिरव्यातून सोनेरीत जाणारा दुसरा, आणि ‘-अपेंड’ लिहून दोन्ही एकाखाली एक जोडायचे. प्रत्येक पट्ट्याची उंची वेगळी ठेवता येते, हा याचा मोठा फायदा. पण जोडाच्या जागी एक फिकट किंवा गडद रेघ दिसते. ठिपक्यांचे आकडे तपासले तर तिथे रेघ नसते. रंग बदलण्याचा वेग जिथे एकदम बदलतो, तिथे डोळा स्वतःहून रेघ उभी करतो. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ साली हे दाखवून दिलं, म्हणून अशा रेघांना माखचे पट्टे म्हणतात.

दुसरा उपाय मला फार आवडतो. चार रंगांचे चारच ठिपके एकाखाली एक ठेवायचे. हे चित्र इतकं लहान की डोळ्यांना दिसणारही नाही. मग ते ताणून मोठं करायचं. मोठं करताना संगणकाला मधल्या जागा भराव्याच लागतात, आणि तो त्या शेजारच्या रंगांच्या मिश्रणाने भरतो.

मॅजिक एक्ससी:'आरजीबी(०,६०,१३०)' एक्ससी:'आरजीबी(०,१४०,१२०)' एक्ससी:'आरजीबी(१५०,१८०,४०)' एक्ससी:'आरजीबी(२३०,१७०,४०)' -अपेंड -फिल्टर ट्रायँगल -रिसाइझ '८००एक्स१६००!' -शेव्ह ०एक्स२०० मोरपंखी.पीएनजी

‘एक्ससी’ म्हणजे एकाच रंगाचा सपाट कागद. आकार सांगितला नाही, तर तो एका ठिपक्याचा होतो. इथे निळा, हिरवट निळा, पोपटी आणि सोनेरी असे चार ठिपके आहेत. ‘-अपेंड’ त्यांना खाली खाली लावतो. ‘+अपेंड’ लिहिलं असतं तर ते शेजारी शेजारी लागले असते. ‘८००एक्स१६००’नंतरचं उद्गारचिन्ह सांगतं की लांबी-रुंदीचं मूळ प्रमाण सोड आणि मी म्हणतो तेवढंच कर. ते विसरलं तर ८०० ऐवजी ४०० ठिपकेच रुंदी मिळते.

आता १६०० आणि २०० कुठून आले ते पाहू. चार ठिपके १६०० उंचीत ताणले की प्रत्येकाच्या वाट्याला ४०० येतात. शुद्ध रंग त्या ४०० च्या मध्यावर बसतो, म्हणजे २००, ६००, १००० आणि १४०० या उंचींवर. पहिल्या २०० ठिपक्यांत आणि शेवटच्या २०० ठिपक्यांत संक्रमण नसतंच, सपाट रंग असतो. ‘-शेव्ह’ वरून आणि खालून ते २००-२०० कापून टाकतो. उरतं १२०० उंचीचं चित्र, त्यात ४०० चे तीन टप्पे. पाच रंग हवे असतील आणि टप्पा ४०० चाच असेल, तर २००० पर्यंत ताणायचं आणि पुन्हा २००-२०० कापायचे.

‘ट्रायँगल’ फिल्टर सरळ रेषेत मिसळतो, त्यामुळे माखची रेघ इथेही उमटू शकते. त्याजागी ‘क्युबिक’ लिहिलं की वळणं गोल होतात आणि रेघ जाते. पण त्याची किंमत मोजावी लागते. क्युबिकमध्ये मधल्या रंगाच्या स्वतःच्या जागीही त्याचा वाटा दोन-तृतीयांशच राहतो, उरलेला तिसरा हिस्सा दोन्ही शेजाऱ्यांचा असतो. म्हणून क्युबिक वापरताना मधला रंग मुळातच थोडा भडक द्यावा. कापडासारख्या मऊ छटेसाठी मी क्युबिक घेईन, आणि रंग आकड्याबरहुकूम हवा असेल तर ट्रायँगल.

५. मध्यावर अंधार का येतो?

लाल ते हिरवा असा पट्टा करून पाहा. लाल (२५५, ०, ०), हिरवा (०, २५५, ०), तर मध्य (१२८, १२८, ०). हा रंग शेवाळी आणि काळपट दिसतो. दोन लखलखीत रंगांच्या मध्ये जणू सावली पडते.

इथे गोम आकड्यांच्या अर्थात आहे. १२८ हा २५५ चा निम्मा आकडा असला तरी १२८ वर पेटलेला दिवा निम्मा प्रकाश देत नाही. तो पूर्ण प्रकाशाच्या एक-पंचमांशाच्या आसपासच देतो. आपल्या डोळ्यांना अंधारातले बारीक फरक जास्त कळतात, म्हणून आकड्यांची मोजपट्टी मुद्दाम तशी वाकवलेली असते. पडद्यांसाठीची ही मोजपट्टी ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडली. तिला एसआरजीबी म्हणतात. खरोखर निम्मा प्रकाश हवा असेल, तर या मोजपट्टीवर आकडा येतो १८८.

म्हणून मिसळण्याआधी मोजपट्टी सरळ करून घ्यायची आणि मिसळून झालं की पुन्हा वाकवायची. ‘-रिसाइझ’च्या आधी ‘-कलरस्पेस आरजीबी’ आणि नंतर ‘-कलरस्पेस एसआरजीबी’ लिहिलं की झालं. लाल-हिरव्याच्या मध्यावर आता (१८८, १८८, ०) येतो, स्वच्छ पिवळा.

मग निळ्या-पिवळ्याची अडचणही यानेच सुटेल का? नाही. तिथे (१२८, १२८, १२८) ऐवजी (१८८, १८८, १८८) मिळेल. राखाडी उजळला, पण राखाडीच राहिला. दोन प्रकाश मिसळले की पांढऱ्याच्या दिशेनेच जाणार. वाटीतला हिरवा हा पुडींच्या गिळण्यातून आलेला होता, आणि पडद्यावर पूड नाही. काळपटपणा मोजपट्टी बदलून जातो. रंगाची वाट मात्र मधला रंग दिल्याशिवाय बदलत नाही. बाजारात मिळणाऱ्या तयार डिझाइनांत निळ्या-केशरीच्या मध्ये जो मळका पट्टा सर्रास दिसतो, तो या दोन गोष्टी वेगळ्या न ओळखल्यामुळे आलेला असतो.

६. ठिपके ठेवायचे आणि रंग पसरू द्यायचा

आतापर्यंतचे पट्टे एकाच दिशेने जात होते. मूर्तीच्या अंगावरचा रंग तसा जात नाही. पोटावर उजळ, कुशीत गडद, गालांवर गुलाबी झाक, सोंडेच्या वळणात पुन्हा सावली. पेणचा कारागीर हे शेडिंग स्प्रे गनने करतो. एका जागी नळी धरली की तिथे रंग दाट बसतो, दूर जाईल तसा विरळ होतो, आणि दोन फवारे जिथे एकमेकांवर येतात तिथे नवी छटा दिसते. इमेजमॅजिकमध्ये ‘-स्पार्स-कलर’ नावाची सोय जवळपास असंच काम करते. आपण कागदावर काही जागा आणि त्या जागांचे रंग सांगायचे, मधला सगळा कागद ती भरते.

मॅजिक -साइज ६००एक्स६०० एक्ससी: -स्पार्स-कलर शेपर्ड्स '१००,१०० आरजीबी(२५५,१५३,५१) ५००,१५० आरजीबी(२५,३५,९५) ३००,५०० आरजीबी(२००,९०,११०)' शेला.पीएनजी

जागा सांगताना पहिला आकडा डावीकडून किती आत आणि दुसरा वरून किती खाली. शाळेतल्या आलेखात वर जाताना आकडा वाढतो, इथे खाली येताना वाढतो. सुरुवातीला सगळेच इथे गोंधळतात.

‘शेपर्ड्स’ हे भरण्याच्या रीतीचं नाव. डोनाल्ड शेपर्ड हे हार्वर्डमध्ये विद्यार्थी असताना त्यांच्यापुढे एक नकाशांचा प्रश्न होता: मोजणी काही तुरळक ठिकाणीच झालेली असेल, तर मधल्या जागांचा अंदाज कसा बांधायचा? १९६८ साली त्यांनी दिलेलं उत्तर आजही पावसाचे नकाशे काढताना वापरतात. पेणला किती पाऊस पडला आणि रोह्याला किती हे मोजलेलं आहे, पण मधल्या नागोठण्याला मोजलेलं नाही असं समजा. तर जे ठिकाण जवळ, त्याच्या आकड्याला जास्त वजन द्यायचं. किती जास्त? अंतराच्या वर्गाच्या उलट प्रमाणात.

एक उदाहरण आकड्यांत करू. कागदावरचा एक ठिपका केशरीपासून १०० अंतरावर आहे आणि गडद निळ्यापासून २०० वर. तिसरा रंग क्षणभर बाजूला ठेवू. निळा दुप्पट लांब आहे, म्हणून त्याचं वजन दोनाचा वर्ग म्हणजे चारपट कमी. वजनांचं प्रमाण ४ : १. म्हणजे केशरी ८० टक्के, निळा २० टक्के.

लाल: २५५ चे ८० टक्के २०४, २५ चे २० टक्के ५, मिळून २०९.
हिरवा: १५३ चे ८० टक्के सुमारे १२२, ३५ चे २० टक्के ७, मिळून १२९.
निळा: ५१ चे ८० टक्के सुमारे ४१, ९५ चे २० टक्के १९, मिळून ६०.

(२०९, १२९, ६०) म्हणजे मातकट केशरी. ‘शेपर्ड्स’ऐवजी ‘इन्व्हर्स’ लिहिलं तर वर्ग न करता नुसत्या अंतराने भागायचं. तेव्हा वजनं २ : १ होतात आणि रंग (१७८, ११४, ६६) येतो, अधिक काळवंडलेला. शेपर्डच्या रीतीत प्रत्येक रंग आपल्या आसपास घट्ट धरून राहतो. इन्व्हर्समध्ये लांबचे रंगही सगळीकडे शिरतात, आणि म्हणून दूरचा कागद एकाच सरासरी रंगाचा होत जातो. शेल्यासारख्या गोष्टीला शेपर्ड बरा.

आणखीही रीती आहेत, त्यांतल्या तीन थोडक्यात. ‘बॅरिसेंट्रिक’ला तीन जागा लागतात आणि तो त्यांच्यावरून तिरका सपाट उतार बसवतो. ‘बायलिनियर’ला चार जागा लागतात, म्हणून चारही कोपऱ्यांना चार रंग द्यायचे तर तोच घ्यावा. ‘व्होरोनोय’ काही मिसळतच नाही, प्रत्येक ठिपक्याला सर्वात जवळचा रंग देतो आणि कागदाचे काटेकोर तुकडे पाडतो. ठिपके कुठे ठेवावेत हे ठरवताना आधी व्होरोनोय चालवून पाहावा. कोणत्या रंगाची हद्द कुठवर जाते ते स्पष्ट दिसतं. मग त्याच ओळीत फक्त एक शब्द बदलून शेपर्ड्स करावा.

७. मोठ्या फ्लेक्सवर पायऱ्या दिसतात, त्याचं काय?

फोनवर गुळगुळीत दिसलेलं आकाश दहा फुटी फ्लेक्सवर पायऱ्यापायऱ्यांचं दिसतं, ही तक्रारही नेहमीची. इथेही हिशोब करून पाहावा. फिकट आकाश आहे, वर (२५५, २३६, २००) आणि खाली (२५५, २२५, १८०). उंची १२०० ठिपके. लाल बदलतच नाही. हिरव्याच्या ११ पायऱ्या आणि निळ्याच्या २०. म्हणजे निळ्याची एक पायरी ६० ठिपके उंच. १२०० ठिपके १० फुटांत पसरले की एका इंचात १० ठिपके येतात, आणि ती पायरी ६ इंचांची होते. सहा इंचांची पायरी लांबूनही दिसते.

ठिपक्यांची संख्या वाढवून हे जात नाही, कारण पायऱ्या तेवढ्याच राहतात. उपाय दोन. एक, रंगांतला फरक वाढवा किंवा मध्ये तिसरा रंग आणा. दोन, पायरीची कड विस्कटून टाका. इमेजमॅजिकच्या नेहमीच्या आवृत्तीत आतला हिशोब ६५,५३६ पायऱ्यांवर चालतो, २५६ वर उतरवणं शेवटी होतं. त्या उतरण्याआधी थोडा बारीक दाणा मिसळला की कडा सरळ राहत नाहीत आणि डोळ्याला पायरी सापडत नाही. त्यासाठी फाइलच्या नावाआधी ‘-अटेन्युएट ०.१ +नॉइज गॉसियन -डेप्थ ८’ लिहायचं. ०.१ हा आकडा कमीजास्त करून चित्र पूर्ण आकारात पाहावं. दाणा दिसू लागला तर तो जास्त झाला.

फाइल पीएनजीच ठेवावी. जेपेग बारीक फरक गाळून फाइल लहान करतो, आणि इथे आपल्याला हवे असलेले फरक नेमके तेच आहेत. व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवलं तरी असंच होतं, म्हणून छापणाऱ्याकडे फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

८. पुष्कळ मूर्ती, एकच ओळ

समजा, एका कारखान्यात दीडशे नमुन्यांचे फोटो आहेत, प्रत्येकाची मागची भिंत पुसून पारदर्शक केलेली आहे, आणि गिऱ्हाइकांना पाठवायला सगळ्यांच्या मागे तोच मोरपंखी पडदा हवा आहे. एका मूर्तीसाठी ओळ अशी:

मॅजिक मोरपंखी.पीएनजी मूर्ती.पीएनजी -ग्रॅव्हिटी सेंटर -कॉम्पोझिट नमुना.पीएनजी

पडदा आधी, मूर्ती नंतर, कारण जे मागे असायला हवं ते आधी ठेवायचं. हीच ओळ फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलवर आपोआप फिरवता येते. विंडोज आणि लिनक्सवर तिची मांडणी थोडी वेगळी असते, ती पुढच्या प्रकरणात येईल. एवढं आताच सांगतो की ‘मॉग्रिफाय’ नावाची भावंड-आज्ञा मूळ फाइलवरच नवीन चित्र लिहिते. तिला हात लावण्याआधी फोटोंची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा.

पेण परिसरातून मोठ्या संख्येने कच्च्या मूर्ती, म्हणजे रंग न दिलेल्या मूर्ती, बाहेरगावी जातात आणि तिथले कारागीर त्या रंगवतात. मूर्तीबरोबर तिची घडण जाते, पण पितांबराच्या पिवळ्यातून तांबड्याकडे जाताना मध्ये कोणता केशरी घ्यायचा, हे रंगवणाऱ्याच्या हातातच राहतं. ते ज्ञान चार ओळींच्या एका साध्या मजकूर-फाइलमध्ये मावतं. पडद्यावरचा आकडा आणि वाटीतला रंग तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून आकड्यांच्या शेजारी खऱ्या रंगाने रंगवलेली कागदाची पट्टी आणि कोणता रंग किती घेतला त्याचं प्रमाणही ठेवावं लागेल. तुमच्या घरात किंवा ओळखीत कोणी मूर्ती रंगवत असेल, तर येत्या हंगामात त्यांच्याजवळ बसून त्यांचे मधले रंग आकड्यांत उतरवून घ्या आणि फाइलच्या नावात वर्ष घालायला विसरू नका.